पाठमोरी मोटर

बॉनेट उघडून इंजिनाकडे कौतुकाने बघणारी गिऱ्हाइकं मला पुष्कळ भेटली. गाडीखाली आडवं होऊन मागचा एक्सल बघणारं गिऱ्हाईक मात्र उभ्या आयुष्यात एकच भेटलं, आणि तेसुद्धा एकदा खाली शिरल्यावर आम्ही दोघांनी पाय धरून ओढल्याशिवाय बाहेर येऊ शकलं नाही. ते म्हणजे खोपोलीचे गवताचे व्यापारी रावजीशेठ. शेठचं पोट मोठं, आवाज मोठा आणि मान इतकी आखूड, की कुणी मागून हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा.

माझं आणि उस्मानभाईंचं गॅरेज खोपोलीत, बोरघाटाच्या पायथ्याला होतं. घाटाखाली गॅरेज असणं म्हणजे देवळाच्या दारात फुलांचं दुकान असणं. गिऱ्हाईक येणारच. गाडी चढताना तापलेली यायची, उतरताना ब्रेक जळालेली यायची. उस्मानभाई श्रीवर्धनकडचे, माझ्याहून वडील, आधी आगबोटीच्या इंजिनावर काम केलेले. गाडी दुरुस्त झाली की ते तिच्या मडगार्डवर हात ठेवून म्हणायचे, "जा बाय, आता बुडायची नाय." ती रस्त्यावर चालते, हे त्यांना कुणी पटवून दिलं नसावं.

मोटरीतलं इंजिन पुढे असलं तरी आमच्या काळी ओढ मागच्या चाकांना असे. इंजिनाचा फिरता दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो. तिथे एक लोखंडी भोपळा असतो. त्याच्यात दातांची मोठी चकती असते, तिला आम्ही क्राउन म्हणतो. दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक या चकतीला फिरवतं, आणि तिथून डावीउजवीकडे निघालेले दोन शाफ्ट चाकं फिरवतात. त्या भोपळ्याचं नाव डिफरन्शियल. आमच्याकडे डिफ्रन्सल. त्याचं दुसरं काम खळ्यावरच्या मळणीसारखं. मळणीला एका दोरीत जोडलेल्या बैलांची पात मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, फिरते, तेव्हा तिवड्याजवळचा बैल थोडकं चालतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. दोघांना सारखं चालवलं तर पात मोडेल. गाडी वळताना आतलं चाक तो तिवड्याजवळचा बैल, बाहेरचं चाक कडेचा बैल. दोघांना ज्याचं त्याचं चालू देतो तो डिफ्रन्सल. एवढं कळलं की पुढची हकीकत कळायला अडचण नाही.

युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. पेट्रोल अजून कुपनावर मिळायचं. लष्कराचा जुना माल लिलावात निघायचा आणि उस्मानभाई त्यातून काहीबाही उचलून आणायचे. अशात रावजीशेठच्या मुलाचं, माधवचं, लग्न ठरलं. मुलगी कर्जतची. भाताच्या गिरणीचे मालक भाऊसाहेब, त्यांची कमळ. मुलगा-मुलगी पसंत, मुहूर्त पसंत. एकाच गोष्टीवर घोडं अडलं. लग्न कुठे?

भाऊसाहेब म्हणाले, "मुलगी आमची, मांडव आमच्या दारात."

शेठ म्हणाले, "आमच्या घरात आजवर सगळी लग्नं खोपोलीतच लागली. सून चालत आमच्या दारात येते."

भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, दोन्हीकडे चालतं. भटजींनी एक गाव सांगितलं असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता. दोन्ही व्याही हट्टाला पेटले आणि दोन्ही गावांत मांडव उभे राहिले. आचारी कुठल्या गावात चूल मांडायची म्हणून दोन्हींच्या मधल्या पळसदरीत थांबून राहिला.

दोघांकडेही मोटरी होत्या आणि दोघांनाही आपापल्या मोटरीचा नको तेवढा अभिमान होता. कुणीतरी गमतीत म्हणालं, लावा शर्यत. दोघांनी ते गमतीत घेतलं नाही. पनवेलकडच्या चौक गावापासून खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत, मुंबई-पुणे रस्त्यावर. शिळफाट्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं. ज्याची गाडी तोरणाखालून आधी जाईल त्याच्या दारात लग्न.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्याकडे.

"विठ्ठल, माझ्या गाडीचा मागचा एक्सल मला असा पायजे, का हत्ती बसला तरी मोडला नाय पायजे."

त्याला कारण होतं. शेठ क्लच सोडायचे ते विंचू चावल्यासारखे. पाय एकदम वर. इंजिनाची सगळी ताकद एका क्षणात मागच्या शाफ्टवर यायची. शिवाय मागच्या सीटवर गवताचे भारे. त्यांचे शाफ्ट आम्ही इतक्यांदा बदलले होते, की तुटका शाफ्ट बघितला की कुणाचा आहे ते मी सांगू शकायचो.

"शेठ, शाफ्ट भक्कम करू. पण तुमी पाय जरा हळू सोडाल का?"

"शर्यतीत हळू? मग बैलगाडीच घेऊन जातो ना."

उस्मानभाईंनी लिलावातून आणलेला एका लहान लष्करी ट्रकचा मागचा एक्सल काढला. जाडजूड शाफ्ट, मोठा क्राउन, दात असे की बोट फिरवलं तर समाधान वाटावं. तो कापून, रुंदी जुळवून शेठच्या अमेरिकन टूररला, म्हणजे दुमडत्या कापडी टपाच्या उघड्या गाडीला, बसवायचा. त्यातही उस्मानभाईंचं समाधान होईना. शाफ्ट ज्या लोखंडी नळीत असतात ती मधोमध वाकू नये म्हणून तिच्या खालच्या अंगाला जाड पट्टी आणि ताणलेली सळई बसवायचं त्यांनी ठरवलं. रेल्वेच्या डब्याच्या पोटाखाली असते तशी. वजन पडलं की नळी खालच्या बाजूला ताणली जाते, म्हणून जोर खाली हवा. विचार अगदी बरोबर होता.

आता पट्टी खालून बसवायची तर एक्सल उलटा करून ठेवायला हवा. उस्मानभाई नमाजाला गेले. जाण्यापूर्वी, मला त्रास नको म्हणून, त्यांनी तो जड एक्सल एकट्याने उलटा केला. मी जेवून आलो आणि, त्यांना त्रास नको म्हणून, तो एकट्याने उलटा केला. मग आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांचं कौतुक करत, पट्टी आणि सळई तापवून, रिबिटा म्हणजे रिव्हेट ठोकून, जन्मात निघणार नाही अशी बसवली. वरच्या अंगाला.

गाडीखाली एक्सल सरकवताना ते लक्षात आलं.

"उस्मानभाई, सळई वर आली."

ते डोकं खाजवत बसले. रिबिटा काढायच्या तर नळीला भोकं पडणार आणि सगळा जोर जाणार. शर्यत उद्यावर.

"अरे मग एक्सल पालथा बसव ना," ते म्हणाले. "लोखंडाला काय वर, काय खाली? दोन्हीकडून गोलच."

मला पटलं. खरंच गोल होता. आम्ही तो पालथा बसवला. सळई खाली आली. दोघांनी चहा घेतला. उस्मानभाईंनी मडगार्डवर हात ठेवून नेहमीचं वाक्य म्हटलं.

गाडी चालवून बघणं शक्य नव्हतं. कुपनावरचं पेट्रोल शेठनी शर्यतीसाठी जपून ठेवलं होतं. चौकपर्यंतसुद्धा ती गवताच्या बैलगाडीला बांधून, बैलांनी ओढत नेली. आम्ही मागून चालत होतो आणि एक्सल किती शांत फिरतो म्हणून खूश होत होतो.

चौकला ही गर्दी. भाऊसाहेब टोपी तिरकी घालून, पॉलिश केलेल्या गाडीत एकटे बसलेले. त्यांची गाडी दिसायला राजबिंडी, पण एक्सल कारखान्यातून आला तसाच. मी वाकून बघून घेतला होता. शेठच्या गाडीत शेठ चाकावर, मी मागच्या सीटवर, उस्मानभाई पायरीवर. एका मास्तरांनी रुमाल खाली टाकला. भाऊसाहेबांची गाडी भुर्रकन सुटली. शेठनी पहिला गिअर टाकला आणि पाय विंचू चावल्यासारखा वर घेतला.

आमची गाडी तोफेतून सुटल्यासारखी निघाली आणि मागे उभ्या असलेल्या आमच्याच गवताच्या बैलगाडीत घुसली. सगळीकडे हिरवट अंधार झाला. बैल शेजारी सोडलेले होते म्हणून वाचले. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागले.

गवताच्या आतून शेठचा आवाज आला, "विठ्ठल, मी पुढचाच गिअर घातलेला ना रं?"

"होय शेठ."

"मग मी गवतात कसा?"

मी आणि उस्मानभाईंनी एकमेकांकडे बघितलं. उस्मानभाईंनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, एक हात पालथा केला, पुन्हा सरळ केला, आणि त्यांचा चेहरा पडला. एक्सल पालथा केला तेव्हा डाव्या अंगाचा क्राउन उजव्या अंगाला गेला होता. दांडा फिरायचा तसाच फिरत होता, पण चकतीला पलीकडून धरल्यामुळे चाकं उलटी फिरत होती. पुढे जायचे तिन्ही गिअर आता गाडीला मागे नेत होते. मागचा एकुलता एक गिअर पुढे नेत होता, पण रेड्याच्या चालीने.

हे मी शेठना शक्य तेवढ्या नम्रपणे सांगितलं. वाटलं, आता गवतातच पुरतात. शेठनी दाढेत अडकलेली काडी काढली.

"एक्सल तुटंल का?"

"एक्सल काय तुटत नाय शेठ!" उस्मानभाई छातीवर हात ठेवून म्हणाले.

"मग अडलं कुठं? गाडी तोरणाखालून गेली पायजे, एवढंच ठरलंय. कुठल्या तोंडानं, ते कुठं ठरलंय? फिरवा गाडी!"

लोकांनी गाडी उचलल्यासारखी फिरवली. तोंड पनवेलकडे, पाठ खोपोलीकडे. शेठनी पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि आम्ही पाठीमागे अशा वेगाने निघालो, की तसा वेग पुढे जाताना त्या गाडीने कधी दाखवला नव्हता.

अडचण शेठच्या मानेची. ती वळेना. रस्ता मला दिसत होता, चाक त्यांच्या हातात. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड खोपोलीकडे करून ओरडू लागलो.

"डावीकडं!"

"कुणाची डावी?" शेठ ओरडले. "तुझी का माझी?"

तोपर्यंत आम्ही एका बांधावरून जाऊन परत रस्त्यावर आलो होतो. डावं-उजवं टिकेना, म्हणून मी दिशा धरल्या. रस्त्याच्या एका अंगाला पाताळगंगा, दुसऱ्या अंगाला कर्जत.

"नदीकडं शेठ, नदीकडं! हां! आता कर्जतकडं!"

शेठ ढिम्म.

"कर्जतकडं घ्या!"

"मेलो तरी कर्जतकडं वळनार नाय!"

एका शेणाच्या उकिरड्याला चाटून आम्ही गेलो. शेठच्या मिशीपर्यंत शिंतोडे उडाले.

"बरं, माथेरानकडं!"

"माथेरान कर्जत तालुक्यातच हाय! मला शिकवतोस?"

शेवटी "डोंगराकडं" वर तडजोड झाली. डोंगर सगळ्यांचाच असतो.

रस्त्यावरची माणसं आणखी निराळीच. गाडीची पाठ दिसली की माणूस समजतो, ती आपल्यापासून लांब चाललीय. त्यामुळे कुणीच बाजूला होईना. गाडीवान निवांत विड्या ओढत आमच्याकडे बघत राहायचे, आणि आम्ही अंगावर येतोय हे कळल्यावर त्यांना रस्ता सोडायला वेळ कमी आणि शिव्या द्यायला जास्त मिळायचा. हॉर्न वाजवला तर तो पनवेलच्या दिशेने वाजायचा. उस्मानभाई पायरीवरून एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हाताने टोपी हलवत होते, "सरा! आमी येतोय! जात नाय, येतोय!"

इकडे भाऊसाहेबांनी पहिल्या वळणावर मागे बघितलं होतं. मागे कुणी नाही. शर्यत खिशात आहे असं समजून ते खालापूरच्या फाट्याला उतरले आणि चहा मागवला. बशी तोंडाला लावलेली असताना त्यांना एका मोटरीचा मागचा भाग येताना दिसला. पनवेलला जाणारं कुणीतरी असेल असं समजून त्यांनी दुसरा घोट घेतला. आम्ही समोरून गेलो, आणि मग त्यांना बॉनेट दिसलं, काच दिसली आणि काचेमागे, लांब लांब जाणारे, मिशीला शेण लागलेले, हात उंचावून रामराम करणारे रावजीशेठ दिसले.

बशी फुटली. भाऊसाहेब गाडीत उडी मारून पाठीमागे लागले. आता त्यांचं तोंड आमच्याकडे आणि शेठचं तोंड त्यांच्याकडे. जगात कुठल्या शर्यतीत दोन गडी असे समोरासमोर बसून पळाले असतील असं मला वाटत नाही. भाऊसाहेब काहीतरी ओरडत होते. शेठ कानाला हात लावून "ऐकू येत नाय" अशी खूण करत होते. भाऊसाहेबांना ती खूण सोसली नाही. त्यांनी रागाने गिअर खाली ओढला आणि क्लच सोडला, शेठपेक्षाही वाईट.

तो आवाज मी डोळे मिटून ओळखतो. शाफ्ट तुटला. त्यांच्या गाडीचं एक मागचं चाक तुटक्या शाफ्टसकट बाहेर आलं, गाडी एका कुशीवर बसली आणि घासत थांबली. चाक मात्र थांबलं नाही. जरा डुगडुगलं, शाफ्टचा तुकडा गळून पडला, आणि मग सरळ होऊन ते एकटंच शर्यतीत उतरलं. पुढे उतार होता. आमच्या शेजारून जाताना ते इतकं जवळ होतं, की उस्मानभाईंनी त्यालासुद्धा "सर, सर!" म्हटलं.

"काय गेलं रं?" शेठनी विचारलं.

"भाऊसाहेबांचं चाक."

"मग भाऊसाहेब?"

"ते मागं राहिले."

शिळफाट्याला तोरणाखाली खालापूरकडचे एक वयस्क पाटील पंच म्हणून खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोरून, तोरणाच्या बरोबर मधून, आधी एक चाक गेलं आणि भज्यांच्या दुकानाच्या फळीला टेकून उभं राहिलं. पाठोपाठ एक गाडी पाठमोरी आली. पाटलांनी चष्मा पुसला.

भाऊसाहेब धावत, धापा टाकत पोचले. "चाक पहिलं! चाक माझं आहे!"

"चाकाचं लगीन लावायचं हाय का?" शेठ गरजले. "गाडी माझी पहिली!"

"तुमची गाडी आली कुठे? ती तर चौककडे तोंड करून उभी आहे!"

गर्दीत दोन तट पडले. पाटलांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "गाडी म्हटली तर चाकं आलीच. पण चाक म्हटलं तर गाडी येत नाय. आता मी काय सांगू?" आणि खरोखरच त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. खुर्ची उचलून ते घरी गेले.

शेठच्या पत्नी, ताराबाई, तोरणाजवळ आरती घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न परवावर आलंय. व्याह्यांना आधी घरी तरी पोचवा. तीन चाकांवर ते कसे जातील?"

शेठनी मिशीवरून हात फिरवला आणि मग हात बघितला. "जातील की. माझा एक्सल त्यांना गाडीसकट कर्जतला ओढत नेईल."

हे औदार्य कमी आणि फुशारकी जास्त होती, पण आमची छाती फुगली. भाऊसाहेबांच्या गाडीखाली, गेलेल्या चाकाच्या जागी, घसरत जाईल असा एक वासा तिरका बांधला. दोर बांधायला गेलो तेव्हा कळलं, की आमची गाडी पाठीमागे ओढणार, म्हणजे दोर आमच्या नाकाला आणि दुसरं टोक त्यांच्या नाकाला. दोन्ही व्याही पुन्हा समोरासमोर, मध्ये फक्त दोर. आणि आता शर्यत नव्हती, की पळून जावं.

शिळफाट्यापासून बराच वेळ दोघांनी एकमेकांकडे न बघायचा प्रयत्न केला. शेठची मान वळत नव्हती, त्यामुळे त्यांना बघावंच लागत होतं. पळसदरीच्या अलीकडे भाऊसाहेब ओरडले, "व्याही, मिशीला अजून शेण आहे."

"तुमच्या गावाकडं वळलो नाय म्हणून लागलं!"

"मग आता वळलात की!"

शेठ काहीतरी जहाल बोलायला गेले आणि त्यांना हसू फुटलं. भाऊसाहेबांनाही फुटलं. मी मागे वळून बघितलं तर दोघं डोळे पुसत होते आणि कुणाचंही चाकावर लक्ष नव्हतं. "नदीकडं!" मी ओरडलो. तिथे नदीच नव्हती, पण शेठ वळले.

कर्जतला भाऊसाहेबांच्या दारातल्या मांडवाशी गाडी थांबली. शेठ उतरले, मांडव वरखाली बघितला आणि म्हणाले, "इथवर आलोच हाय तर इथंच उरकू. परत ओढून न्यायला माझ्याकडं पेट्रोल नाय."

त्या एक्सलचा मला अजून अभिमान आहे. पुढे आम्ही तो उतरवला, नवी नळी घालून पट्टी योग्य बाजूला बसवली, गाडी सरळ केली. सरळ झाल्यावर ती शेकडो गाड्यांसारखी एक गाडी झाली आणि शेठनी ती विकून टाकली. उस्मानभाई जाईपर्यंत म्हणत राहिले, की विठ्ठलनं एक्सल उलटवला नसता तर बरोबर बसला असता. मी म्हणत राहिलो, की त्यांनी. आता कुणाशी वाद घालू? ती गाडी तशीच ठेवायला हवी होती, असं मला फार उशिरा वाटायला लागलं. त्याला कारण कमळची पाठवणी.

लग्नापर्यंत गाडी दुरुस्त करायला सवड नव्हती. वरात पाठमोऱ्या गाडीतूनच निघाली. शेठ चाकावर, माधव आणि कमळ मागच्या सीटवर, आणि मी त्यांच्याही मागे, दुमडलेल्या टपावर बसून दिशा सांगायला. नव्या नवरीचं असं असतं, की गाडी सुटली की माहेर पाठीमागे जातं, आणि मान वळवून तरी किती बघणार? इथे गाडी सुटली आणि कमळच्या समोर तिची आई तशीच उभी. गाडी हळूहळू मागे सरकू लागली तशी आई पुढे चालू लागली. दोघी समोरासमोर. आई रडत नव्हती, तिला वेळच नव्हता. "लोणच्याची बरणी उंचावर ठेव गं. सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं आहे, आधणाचं पाणी तू उचल. थंडीत पायांना तेल लाव." शेठनी एवढ्या हळू गाडी चालवलेली मी पहिल्यांदा बघत होतो. वेशीपर्यंत आई बोलत बोलत चालत आली. तिथे थांबली.

पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं. गाडी लांब जात राहिली. आई लहान होत गेली, पण समोरच राहिली.

"आई अजून उभी आहे," कमळ हळूच म्हणाली.

जरा वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अजून उभी आहे."

"होय गं पोरी," चाकावरून शेठ म्हणाले. "मला पन दिसत्यात." आणि गाडी अजून हळू जावी म्हणून त्यांनी पेट्रोलवरचा पाय आणखी थोडा वर घेतला.